कानाची पहिली शाळा

मूल बोलू लागले म्हणजे साऱ्या घराला आनंद होतो. पहिला शब्द कोणता निघाला, प्रथम नाव आईचे घेतले की आजीचे, याची चर्चा शेजारीपाजारीही होते. परंतु त्या पहिल्या शब्दाच्या आधी सुमारे वर्षभर त्या चिमुकल्या जीवाने जे काम केलेले असते, त्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. कारण ते काम निमूटपणे चाललेले असते. ते काम म्हणजे ऐकण्याचे. बोलणे हे झाडाचे फळ होय आणि ऐकणे हे त्याचे मूळ होय. फळाचे कौतुक अवश्य करावे. पण मुळाला पाणी मिळते की नाही, हे पाहणे आईबापांचे कर्तव्य आहे.

ऐकण्यात शिकावयाचे ते काय, असे कोणी विचारील. कान आहेत, आवाज कानावर पडतो, मूल ऐकते. यात शिक्षण कसले? परंतु विषय इतका सोपा नाही. आपण मोठी माणसे पुस्तकात शब्द सुटेसुटे छापलेले पाहतो आणि बोलण्यातही ते तसेच सुटे असतात, असे समजतो. वास्तविक बोलणे हा अखंड प्रवाह असतो. दोन शब्दांच्या मध्ये कागदावर असते तशी मोकळी जागा बोलण्यात नसते. ज्याला तेलुगु येत नाही अशा माणसाने हैदराबादच्या बाजारात उभे राहून दोन बायकांचा सौदा ऐकावा. एक शब्द कोठे संपला आणि दुसरा कोठे सुरू झाला, हे त्याला मुळीच उमगणार नाही. नवजात बालकाची स्थिती नेमकी अशीच असते. आपल्या घरातील सायंप्रार्थनेतही हे दिसते. दोन-तीन वर्षांचे मूल मोठ्यांबरोबर प्रार्थना म्हणते. चाल बरोबर असते, शेवटचा स्वर बरोबर असतो, पण मधले चार शब्द एकात एक मिसळून त्यांचा एकच लांबलचक शब्द झालेला असतो. आपण हसतो. परंतु मुलाने जसे ऐकले तसे ते म्हणते. त्याला तो अजून प्रवाहच आहे. त्यातील शब्द वेगळे करण्याचे काम चालू आहे.

या कामाचा आरंभ जन्मापूर्वीच होतो. गरोदरपणाच्या अखेरच्या महिन्यांत गर्भाला आवाज ऐकू येऊ लागतो आणि त्या आवाजांत आईचा आवाज सर्वांत जवळचा असतो. १९८० साली डीकास्पर आणि फायफर या अमेरिकन संशोधकांनी तीन दिवसांच्या आतील बालकांची परीक्षा घेतली. बालकाच्या तोंडात चोखणी दिली आणि ते एका विशिष्ट लयीत चोखील तर आईचा आवाज, दुसऱ्या लयीत चोखील तर परक्या स्त्रीचा आवाज, अशी योजना केली. ती बालके आईचा आवाज ऐकू येईल अशा रीतीने चोखू लागली. जगात येऊन तीन दिवस झाले नाहीत, तोच बाळाने आपली आई आवाजावरून ओळखली होती.

त्याच्याही आधी, १९७१ साली, पीटर आयमस व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले होते की अवघ्या एक महिन्याच्या बालकालाही 'बा' आणि 'पा' यांतील भेद कळतो. एकच आवाज पुनःपुन्हा ऐकून बालक कंटाळते आणि त्याचे चोखणे मंदावते. 'बा'च्या जागी एकाएकी 'पा' आला की ते पुन्हा जोराने चोखू लागते. अर्थात त्याला अर्थ काही कळत नाही. परंतु आवाज बदलला, हे कळते.

यापुढची गोष्ट आपल्या भाषांशी संबंध असलेली आहे. 'ताक' आणि 'टाक' हे दोन शब्द आपल्याला इतके वेगळे वाटतात की त्यांचा घोटाळा होणे अशक्य. परंतु ज्याची मातृभाषा इंग्रजी आहे, अशा प्रौढ माणसाला आपला 'त' आणि आपला 'ट' वेगळा ओळखणे फार कठीण जाते. कॅनडातील जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली हिंदीतील हेच दोन ध्वनी तेथील इंग्रजी घरांतील बालकांना ऐकविले. आईच्या मांडीवर बसलेल्या बालकाने ध्वनी बदलताच मान वळविली की बाजूच्या पेटीतील खेळणे उजळून हालू लागे. अशी ती युक्ती होती. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बालकांना 'त' आणि 'ट' यांतील भेद बरोबर कळला. परंतु दहा ते बारा महिन्यांच्या फारच थोड्या बालकांना तो कळला. हिंदी बोलणाऱ्या घरांतील तेवढ्याच वयाच्या बालकांना मात्र तो पूर्वीसारखाच स्पष्ट कळत होता.

याचा अर्थ काय? बालक सर्व भाषांसाठी उघडा कान घेऊन येते. मग वर्षभरात ते घरातील बोलणे ऐकून ठरविते की आपल्याला कोणते भेद लागणार आणि कोणते लागणार नाहीत. जे लागत नाहीत, त्यांकडे कान दुर्लक्ष करू लागतो. यात बुद्धीची उणीव नाही. उलट हीच बुद्धीची कुशलता. इंग्रजांस हसण्याचेही कारण नाही. अंगात घालावयाचा 'वेस्ट' आणि पश्चिम दिशा दाखविणारा 'वेस्ट' या दोन इंग्रजी शब्दांच्या आरंभी निरनिराळे ध्वनी आहेत. पण आपल्या कानाला दोन्ही 'व'च वाटतात, कारण मराठीला तो भेद नको आहे. याच्या उलट, 'चमचा' आणि 'चिमणी' या शब्दांतील 'च' लिहिण्यात एकच असला तरी उच्चारात वेगळा आहे. 'चाक' आणि 'चार' म्हणून पाहा. हा भेद कोणत्याही अक्षराने दाखविला जात नाही, कोणी शिकवीत नाही. तरी आपल्या घरातील चार वर्षांचे मूल तो सहसा चुकत नाही. कानाने तो घेतलेला असतो.

अखंड प्रवाहातून शब्द कसे वेगळे होतात, याचाही काही उलगडा झाला आहे. १९९६ साली सॅफ्रन, ॲस्लिन आणि न्यूपोर्ट यांनी आठ महिन्यांच्या बालकांना दोन मिनिटे निरर्थक ध्वनींची एक सलग माळ ऐकविली. तीत काही ध्वनी नेहमी एकमेकांच्या पाठोपाठ येत, तर काही क्वचितच येत. तेवढ्या अवधीत बालकांनी हे हेरले. घरातही असेच होते. 'बाळ' यातील 'बा' आणि 'ळ' सकाळ-संध्याकाळ एकत्रच ऐकू येतात. पण त्यापुढे कधी 'झोपले', कधी 'उठले', कधी 'रडते' असे निरनिराळे शब्द येतात. जे नेहमी एकत्र येते तो एक शब्द, असा हिशेब तो चिमुकला कान करीत असतो. म्हणून एकच शब्द वेगवेगळ्या वाक्यांत पुनःपुन्हा बोलणारी आजी ही बालकाची फार उत्तम शिक्षिका होय.

येथे एक इशारा दिला पाहिजे. मूल रडले की त्याच्या हाती मोबाईल देण्याची रीत आता खेड्यांतही शिरली आहे. त्यातून गाणी ऐकू येतात, गोष्टी ऐकू येतात. मग भाषा शिकेलच की, असे आईबापांना वाटते. पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली याची परीक्षा पाहिली. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बालकांपैकी काहींशी चिनी भाषा बोलणारी माणसे प्रत्यक्ष समोर बसून बारा वेळा खेळली व बोलली. दुसऱ्या काहींना तेच बोलणे पडद्यावर दाखविले किंवा नुसते ऐकविले. प्रत्यक्ष माणसाकडून ऐकलेल्या बालकांस चिनी भाषेतील ध्वनींचा भेद कळू लागला. पडद्यावरून ऐकलेल्यांच्या पदरी काही पडले नाही. बालकाला आवाज पाहिजे, त्याबरोबर डोळ्यांत पाहणारे डोळेही पाहिजेत. आईने भाकऱ्या थापता थापता चार शब्द बोलावे, बाळाने हुंकार द्यावा, आईने त्या हुंकारास उत्तर द्यावे; ही देवघेव यंत्राला साधत नाही.

आणखी एक भ्रम दूर केला पाहिजे. मूल 'गाडी'ला 'गाली' म्हणते म्हणून त्याला भेद ऐकू येत नाही, असे समजू नये. बहुधा कान जिभेच्या पुढे चाललेला असतो. बर्को आणि ब्राउन यांनी १९६० साली एका मुलाची हकीकत नोंदली आहे. तो आपल्या खेळातील माशाला 'फिश' न म्हणता 'फिस' म्हणे. पण मोठ्या माणसाने 'हा तुझा फिस का?' असे विचारले की तो रागाने नाही म्हणे, आणि 'फिश का?' असे विचारले की हो म्हणे. म्हणून मुलाच्या बोबड्या बोलाचे लाड करावे, पण आपण त्याच्याशी बोबडे बोलू नये. त्याला टोचून दुरुस्तही करू नये. 'होय, गाडी आली, लाल गाडी आली,' असे शुद्ध बोलून पुढे जावे. जीभ हळूहळू कानाला गाठते.

येथवर जे सांगितले ते निसर्ग करवून घेतो. आपण बोलत राहिलो म्हणजे झाले. परंतु शाळेचे वय आले की दुसरी पायरी लागते आणि ती मात्र आपोआप चढता येत नाही. ती पायरी अशी : शब्द ऐकून तो समजणे वेगळे, आणि त्या शब्दाचे ध्वनी मनाशी वेगळे करणे वेगळे. 'माती' म्हटले की चार वर्षांचे मूल अंगणात जाऊन माती आणील. पण 'माती' आणि 'मीठ' यांचा आरंभ एकाच ध्वनीने होतो का, असे विचारले तर गोंधळून जाईल. त्याचे लक्ष वस्तूकडे असते, आवाजाकडे नसते. वाचन शिकण्यासाठी मात्र आवाजाकडे लक्ष द्यावे लागते, कारण अक्षर हे आवाजाचे चित्र आहे.

अमेरिकेतील इझाबेल लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली मुलांकडून शब्दांतील तुकडे टिचक्यांनी मोजविले. सुमारे चार वर्षांच्या मुलांपैकी ४६ टक्के मुलांना शब्दाचे उच्चारखंड मोजता आले. पण त्याहून बारीक, एकेक सुटा ध्वनी, एकालाही मोजता आला नाही. पहिलीच्या वर्षाअखेर ७० टक्के मुलांना सुटे ध्वनीही मोजता आले. ही प्रगती केवळ वय वाढल्याने झाली काय? याचे उत्तर पोर्तुगालमधून मिळाले. जोसे मोराइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली तेथील खेड्यांतील निरक्षर प्रौढांना आरंभीचा एक ध्वनी काढून उरलेले म्हणावयास सांगितले. त्यांना ते बहुतेक जमले नाही. त्यांच्याच सारखी जी माणसे मोठेपणी लिहावयास वाचावयास शिकली होती, त्यांना मात्र ते जमले. तेव्हा हे कौशल्य वयाबरोबर उगवत नाही. अक्षरांच्या संगतीने शिकावे लागते. ज्या मुलाला ते चटकन येत नाही त्याला मठ्ठ म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे. संसार चालविणारे, शेती करणारे शहाणे लोकही शिकल्यावाचून ते करू शकले नाहीत.

आपल्या लिपीचा येथे एक गुण आहे आणि त्यातच एक अडचणही आहे. इंग्रजीत एक अक्षर बहुधा एका सुट्या ध्वनीचे असते. आपले 'का' हे अक्षर 'क्' आणि 'आ' या दोन ध्वनींचे मिळून झालेले असते. उच्चारखंड मुलाला लवकर ऐकू येतो, म्हणून आपली अक्षरे त्याच्या कानाला मानवतात. परंतु त्याच्या आतील दोन ध्वनी झाकलेले राहतात. सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास करून २००७ साली हेच दाखविले की अशा लिपीत सुट्या ध्वनींची जाणीव सावकाश येते. बेळगावकडील आपल्या कुटुंबांची पुष्कळ मुले मराठीबरोबर कन्नडही शिकतात, त्यांना हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. यावर उपाय आपल्या पूर्वजांनीच ठेवला आहे : तो बाराखडीचा तक्ता होय. आडव्या ओळीत 'क का कि की' म्हणताना 'क्' कायम राहतो आणि स्वर बदलतो. उभ्या ओळीत 'का खा गा घा' म्हणताना 'आ' कायम राहतो आणि आरंभ बदलतो. परंतु मूल नुसते घोकीत असेल तर हे त्याच्या कानात शिरत नाही. मध्येच थांबून विचारावे : 'यात काय तसेच राहिले? काय बदलले?' या दोन प्रश्नांनी घोकंपट्टीचे श्रवण होते.

ऑक्सफर्ड येथील ब्रॅडली आणि ब्रायंट यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की चार-पाच वर्षांच्या वयात ज्यांना यमक आणि आरंभीचा ध्वनी नीट ओळखता येत होता, ती मुले पुढे वाचन-लेखनात सरस ठरली. ज्यांना ते येत नव्हते त्यांच्यापैकी काहींना दोन वर्षे शब्द ध्वनीप्रमाणे निवडण्याचा खेळ शिकविला, आणि बरोबर अक्षरेही हाताळावयास दिली, तेव्हा त्यांचीही चांगली प्रगती झाली. यासाठी पैसा लागत नाही. सायंकाळची जपमाळ आटोपल्यावर, जेवणाची पाने मांडेपर्यंत दहा मिनिटे मिळाली तरी पुरेत.

प्रथम टाळ्यांचा खेळ घ्यावा. 'आजी' म्हणावे आणि दोन टाळ्या वाजवाव्या. 'बटाटा' म्हणावे आणि तीन वाजवाव्या. 'चिमणी'ला मुलाने दोनच टाळ्या वाजविल्या तर रागावू नये. अक्षरे तीन असली तरी आपण बोलताना 'चिम्-णी' असेच बोलतो. मुलाच्या कानाने खरे तेच ऐकले. नंतर यमकाचा खेळ घ्यावा : कान, पान, मान, ओठ; यांत वेगळा कोण? त्यानंतर आरंभाचा : माती, मीठ, मोर, पाणी, यांत परका कोण? मग काढून टाकण्याचा खेळ येतो, आणि तो मुलांना फार आवडतो. 'कपाट' यातील 'क' काढला तर काय उरते? पाट. 'पाऊस' यातील 'पा' काढला तर? ऊस. पावसातून ऊस निघालेला पाहून मूल हसते आणि हसता हसता त्याला कळते की शब्द हा तोडता-जोडता येणारा पदार्थ आहे. शेवटी जवळजवळचे ध्वनी घ्यावे : माल आणि माळ, मन आणि मण, गार आणि घार. एक शब्द बोलावा आणि मुलाने कोणता तो सांगावा. खेळ मुलाचा उत्साह आहे तोवरच चालवावा; परीक्षा करू नये.

काही आईबापांना वाटते की मूल इंग्रजी शाळेत जावयाचे आहे, तेव्हा घरातील बोली बंद करून मोडकेतोडके इंग्रजीच बोलावे. नाही तर मुलाचा गोंधळ होईल. गोव्यात कोंकणी आणि मराठी, सीमाभागात मराठी आणि कन्नड, बडोद्यास मराठी आणि गुजराती, अशी दोन-दोन भाषांची घरे आपल्यात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. दोन भाषा ऐकल्याने बालकाचे नुकसान होत नाही. १९८८ साली जाक मेलर यांच्या अभ्यासात चार दिवसांच्या फ्रेंच बालकांनीही फ्रेंच आणि रशियन बोलणे वेगळे ओळखले होते; दोन भाषा निराळ्या आहेत हे कानाला फार लवकर कळते. नुकसान होते ते बोलणे आटले म्हणजे. जी भाषा आईच्या तोंडी सहज येत नाही तिच्यात आई थोडे बोलते, कोरडे बोलते. गोष्ट नाही, थट्टा नाही, लाड नाहीत. आणि आजी तर गप्पच बसते. एका भाषेत ध्वनी ओळखावयास शिकलेले मूल ती हातोटी दुसऱ्या भाषेतही वापरते. म्हणून आपली घरची बोली भरपूर बोलावी. इंग्रजी तिच्या खांद्यावर उभे राहील.

आता शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. वर सांगितलेले सर्व, कान ऐकत असेल तरच घडते. काही मुले जन्मतःच कमी ऐकतात. काहींच्या कानात वारंवार सर्दी होऊन पडद्याच्या मागे पाणी साठते आणि ऐकणे कधी बरे, कधी मंद असे होते. असे मूल हाक मारली तरी येत नाही. त्याला हट्टी म्हणतात. शाळेत सांगितलेले विसरते. त्याला आळशी म्हणतात. प्रसंगी मारही बसतो. ज्या गुन्ह्याबद्दल तो मार बसतो, तो गुन्हा त्याने केलेलाच नसतो.

म्हणून आईबापांनी डोळे उघडे ठेवावे. मोठ्या आवाजाने तान्हे दचकत नाही. सहा महिन्यांचे झाले तरी आवाजाच्या दिशेने मान वळवीत नाही. वर्षाचे होत आले तरी 'बाबाबा', 'दादादा' असे बोल काढीत नाही किंवा नाव घेतल्यावर पाहत नाही. असे दिसले तर 'आमच्या घरात मुले उशिराच बोलतात' असे म्हणून वाट पाहू नये. कानात तेल घालू नये. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्यावे. नवजात बालकाची श्रवणचाचणीही ते झोपेत असता काही मिनिटांत होते. पहिल्या महिन्याच्या आत चाचणी, तिसऱ्याच्या आत निदान आणि सहाव्याच्या आत उपचारांस आरंभ, असा या विषयातील तज्ज्ञांचा दंडक आहे. त्याला आधारही आहे : अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात ज्या मुलांचा दोष सहा महिन्यांच्या आत ओळखला गेला, त्यांची भाषा उशिरा ओळखल्या गेलेल्या मुलांहून पुष्कळ चांगली वाढली, असे १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्यात मुलांच्या श्रवणदोषाची तपासणी अंतर्भूत आहे. अंगणवाडीच्या सेविकेस विचारण्यात संकोच कशाला? आणि ज्या मुलाला मुळीच ऐकू येत नाही, त्यालाही भाषेवाचून ठेवू नये. हातांच्या खुणांची भाषा हीही पुरी भाषाच आहे.

मातापितरहो, मुलाला पाटी-पुस्तक देण्याची घाई आपण सर्व करतो. त्याआधी त्याच्याशी बोला, त्याचे ऐका, आणि त्याला ऐकू येते ना, एवढे निश्चित करून घ्या. या आठवड्यात एवढेच करावे : तान्हे असेल तर त्याच्या पाठीमागून हळूच नाव घेऊन पाहावे, चार-पाच वर्षांचे असेल तर 'पाऊस'मधून 'ऊस' काढून दाखवावा. पाटीवरचे पहिले अक्षर मग त्याला इतके परके वाटणार नाही.